तीनदा खाली, मग एन्टर

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मधेच हळहळायला नको. चौतिसाव्या वर्षापर्यंत दिसत होतं. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होतो. माप तपासायचं गेज लावायचं, माल पास करायचा नाहीतर बाजूला टाकायचा. काम साधं, पण सगळं डोळ्यांचं. आधी रात्रपाळीच्या बसमधून उतरल्यावर रस्ता दिसेना. मग संध्याकाळचं दिसेना. मग भर दुपारीसुद्धा नळीतून बघितल्यासारखं व्हायला लागलं. चार वर्षांत डोळ्यांनी कारभार आटोपला.

आता पन्नाशी आली. आठवड्यातून तीन दिवस मी एका संस्थेत अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. स्क्रीनवर जे येईल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. ते कानात आणि कीबोर्ड बोटाखाली, एवढ्यावर माझं राज्य चालतं. माऊसला मी कित्येक वर्षांत हात लावलेला नाही.

राज्य म्हणालो ते उगाच नाही. घरातल्या माझ्या टेबलाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. बायको फडकं घेऊन पुसायला आली तरी माझा आवाज चढतो. राग माझ्या नाकावर असतो, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. डोळे गेल्यामुळं स्वभाव असा झाला असं लोकांना वाटतं, आणि मीही त्यांना तसं वाटू देतो. खरं म्हणजे डोळे होते तेव्हाही मी असाच होतो.

करमाडची एक मुलगी माझ्याकडं शिकायला यायची. बापाच्या मोटरसायकलवर मागं बसून. नववीत असताना तापाचं निमित्त झालं आणि तिची नजर गेली. दहावीच्या पहिल्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या बापानं मला बाजूला घेतलं. "सर, ह्या खेपेला निघाली तर पुढं शिकवू. नाय निघाली तर मंग घरीच. माझ्यानं कामधंदा सोडून रोजचं येणंजाणं व्हत नाय." वाईट माणूस नव्हता. थकलेला होता. मी म्हणालो, निघेल. कशाच्या जोरावर म्हणालो कुणास ठाऊक.

तिला ब्रेल येत नव्हतं, आणि एवढ्या उशिरा बोटांना ते चटकन येतही नाही. फोनमधला यांत्रिक आवाज मराठी वाचतो, नाही असं नाही. पण पानावर तक्ता आला, चित्र आलं, नकाशा आला, की तो मुका. आणि भूगोल म्हणजे निम्मा नकाशाच. तेव्हा असं ठरलं की पुस्तकं माझ्या बायकोनं मोठ्यानं वाचायची, मी कॉम्प्युटरवर आवाज भरायचा, नीट करायचा आणि मुलीच्या फोनवर पाठवायचा.

बायको खुलताबादकडच्या एका खेड्यातली, सातवी शिकलेली. घरी साड्यांना फॉल-पिको करते. दुपारी जेवणं उरकली की मशीन बंद करून ती माझ्या शेजारी पुस्तक घेऊन बसायची. तेवढीच तिची पाठ टेकायची वेळ, ती तिनं आठ महिने दिली. वाचायची मात्र झकास. सावकाश, एकेका शब्दावर पाय ठेवून. नकाशा आला की आधी माझा हात धरून उपड्या ताटावर बोट फिरवायची, इथं डोंगर, इथं समुद्र, आणि मला कळलं की मग तेच शब्दांत सांगायची.

आणि मी काय करायचो? मधे बोलायचो. "हळू." "पुन्हा म्हण." "अगं, असा उच्चार नसतो." "पुढं चल, पुढं." ती थांबायची, पुन्हा म्हणायची. मागाहून मी सगळं साफ करायला बसायचो. कुकरची शिट्टी काढायची, बांगड्यांचा आवाज काढायचा, तिचा खोकला काढायचा. माझं मधलं बोलणं मात्र ठेवायचो. मुलांना त्याचा फायदा होतो, असं माझं मत होतं.

इतिहास मी मुलीला दिवाळीआधीच पाठवला. मराठी, हिंदीही गेलं. भूगोल राहिला. पुस्तक वाचून पूर्ण झालं होतं, पण त्यात शिट्ट्या फार होत्या. बायको दोनदा म्हणाली, "हाय तसा द्या की पाठवून. पोरगी वाट बघायलीय." मी म्हणालो, "कच्चा माल मी बाहेर सोडत नाही." वाळूजची सवय. सगळा भूगोल माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि फक्त तिथंच होता.

भूगोलाचा पेपर सगळ्यात शेवटी असतो. त्याला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि तो बोललाच नाही. पंखा फिरतोय, डिस्कचा आवाज येतोय, पण कानात काही नाही. बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. बायकोला विचारलं, काय दिसतंय? "निळं हाय. गोल गोल फिरायलंय नुसतं." अर्ध्या तासानंही गोल गोलच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुरुस्तीवाला आहे. जुने कॉम्प्युटर घेतो, ठाकठीक करून विकतो. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, डिस्क चांगली असंल. आतली सिस्टिम बसलीय फक्त." त्याच्याकडं एक पेन ड्राइव्ह होता. त्या पेन ड्राइव्हमध्येच एक पूर्ण सिस्टिम असते. कॉम्प्युटर आपल्या डिस्कऐवजी तिच्यावरून सुरू करायचा, मग डिस्कमधलं हवं ते दुसरीकडं काढून घ्यायचं. अंधांसाठीची बोलणारी सिस्टिमही त्यात होती, म्हणजे ती सुरू झाली की पुढचं मी एकटा केलं असतं. "पण संध्याकाळी मीच येतो सर," तो म्हणाला. "तवर थांबा."

थांबा म्हटलं की माझं डोकं फिरतं. "मी हेच शिकवतो पोरांना," मी म्हणालो. "पेन ड्राइव्ह तेवढा दे पाठवून."

अडचण एकच होती. कॉम्प्युटर सुरू होताना अगदी पहिल्यांदा जे पडदे येतात, ते बोलत नाहीत. बोलणारं सॉफ्टवेअर तोवर जागं झालेलं नसतं. तिथं डोळे लागतात. घरात डोळे एकाच माणसाला होते.

दुपारी बायकोला खुर्चीत बसवलं. इंग्रजी अक्षरं तिला ओळखता येतात, पण शब्द वाचायचा म्हणजे एकेक अक्षर उचलून जोडावं लागतं. पेन ड्राइव्ह पुढच्या खाचेत घातला, चालू करताना ठरलेलं बटण दाबत राहिलो. तरी निळंच. मागच्या खाचेत घातला. निळंच. "अगं, नीट बघ की! काळा पडदा येऊन जातो का मधे?" "आला आन् गेला. म्या काय धरून ठिवू का त्याला?" पुन्हा. पुन्हा. शेवटी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. बाहेरच्या सिस्टिमला अडवणारं एक कुलूप तिथं असतं, ते उघडायचं होतं. ती अक्षरं सांगत गेली, मी बाण दाबत गेलो. तासभर माझं तोंड चालू होतं. "शहाणपणा नको करू, विचारलं तेवढं सांग," हे मी किती वेळा म्हणालो असेन, देव जाणे. तिनं एकदाही खुर्ची सोडली नाही.

आणि मग ती म्हणाली, "आलं बघा! काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्यात. पाच-सहा."

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. घाईतच म्हणाला, "तीनदा खाली, मग एन्टर. पुढं आवाज चालू करू का म्हणून विचारंल, वाय दाबा. झालं."

तेवढ्यात मोरीतल्या नळातून हवा सुटल्याचा आवाज आला. आमच्या भागात पाणी सहाव्या-सातव्या दिवशी येतं, आणि आलं की सगळी गल्ली हातातलं काम टाकून पळते. बायको अर्धी उठली. मी तिचा हात धरला. "एवढं होऊ दे."

मी तीनदा खाली दाबलं. टक, टक, टक. आम्ही लोक मोजूनच जगतो. जिन्याच्या पायऱ्या, कोपऱ्यापर्यंतची पावलं, बाणाची बटणं. मोजणीवर माझा डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा. पण त्या कीबोर्डची एक खोड होती, नुकता जागा झाला की पहिलं बटण गिळायचा. मला हे ठाऊक होतं. पोरांना मी हेच शिकवतो, पहिल्या बटणाचा भरवसा धरू नका म्हणून.

"ओळीवरची पट्टी कुठं आहे?" मी विचारलं.

तिनं वरून मोजलं. "तिसऱ्या ओळीवर."

"बरोबर, तीन."

बरोबर कसलं? पट्टी आधीच पहिल्या ओळीवर असते. तीनदा खाली दाबलं तर ती चौथ्या ओळीवर जायला हवी. पहिलं बटण गिळलं गेलं होतं. मी बोटानं बटणं मोजली, तिनं डोळ्यानं ओळी मोजल्या. दोघांचाही आकडा तीन आला आणि मला वाटलं, जमलं.

"थांबा," ती म्हणाली. "काय लिवलंय ते वाचते. ई... आर..."

नळ सुरू झाला होता. शेजारच्या हंड्यांचा खणखणाट ऐकू येत होता. "वाचत बसशील संध्याकाळपर्यंत," मी म्हणालो आणि एन्टर दाबलं.

"आता वाय का यन विचारायलंय. वर लई बारीक लिवलंय. वाचू का?"

"नको. ठाऊक आहे मला." वाय दाबला.

डिस्क घरघरायला लागली. त्या आवाजानं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! "बघ," मी म्हणालो, "सुटली गाडी. जा आता, पाणी भरून घे." मोठ्या उदारपणानं सुट्टी दिली तिला. ती पळाली. मी हेडफोन लावून बसलो, आता आवाज येईल, मग येईल. मुलीला काय सांगायचं तेही मनात ठरवलं. उद्या संध्याकाळपर्यंत भूगोल तुझ्या फोनवर, म्हणावं.

चाळीसेक मिनिटांनी बायको परत आली. ओल्या हातांचा वास आला, पाण्याचा आणि पितांबरीचा. "बोलला का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "वेळ लागतो. मोठी सिस्टिम आहे." ती टेबलाशी उभी राहिली. मी काही न विचारताच तिनं पडद्यावरची अक्षरं उचलायला सुरुवात केली. एकेक, सावकाश, पुस्तक वाचायची तशी. ई. आर. ए. एस. ई. मग पुढचा शब्द. आणि खाली आकडा, म्हणाली, एकेचाळीस. आत्ता बेचाळीस झाला.

भिंतीजवळचा प्लग मी ओढून काढला तेव्हा खुर्ची पडली, पाण्याचा तांब्या पडला. दुकानात विकायला आलेल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क पुसून कोरी करायची सोय, ती तिसरी ओळ होती. बोलणारी सिस्टिम चौथी.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी बायकोवर ओरडलो. "आधी वाचता आलं नाही तुला?"

तांब्या उचलून ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुम्ही वाचू दिलं का?"

चढ्या आवाजात म्हणाली असती तर मी पुन्हा भांडलो असतो.

दुरुस्तीवाला डिस्क घेऊन गेला. दोन दिवस त्यानं जे येत होतं ते सगळं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "सर, नाय निघत. तुमच्या फायली व्हत्या तोच भाग पुसून गेलाय." माझ्याच पाठीवर हात ठेवला त्यानं. त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलीला फोन मी केला. "कॉम्प्युटर बिघडला," म्हणालो. "आतलं सगळं गेलं." तिकडं रस्त्याचा आवाज येत होता. जालना रोडला लागूनच घर आहे तिचं. मग तिनं विचारलं, "भूगोल बी?" "भूगोलच," मी म्हणालो. "बरं सर," म्हणाली ती, आणि ते बरं मला दिवसभर टोचत राहिलं. बायको पाठीमागं साडीला फॉल लावत बसली होती. मी काय सांगितलं ते तिनं ऐकलं. मशीन क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मशीन बंद करून ती आली. "पुस्तक कुठंय?"

"बारा दिवसांत होणार नाही," मी म्हणालो. "आठ महिने लागले होते सगळ्याला."

"जेवढं व्हईल तेवढं. पयल्या पानापासनं. आन् एक," ती म्हणाली, "मधी बोलायचं नाय."

फोनच तोंडासमोर ठेवला आणि सुरू केलं. धडा संपला की तसाच्या तसा पाठवायचा. साफ करायला वेळ नव्हता आणि माझी हिंमतही नव्हती. कुकर शिट्ट्या मारत होता, बांगड्या वाजत होत्या, गिऱ्हाइकं दारातून साडी झाली का विचारत होती आणि ती "परवा या" म्हणून पुढची ओळ वाचत होती. ताटावर माझा हात फिरवणंही तिनं सोडलं. सरळ मुलीशीच बोलायला लागली. "हे बघ बाई, ही नदी डोंगरातून निघती आन् डावीकडनं उजवीकडं जाती. आपल्या ओट्यावरचं पाणी मोरीकडं जातं, तशी." ब्राझीलची एवढी थोरली नदी आमच्या ओट्यावरून वाहून गेली. मी शेजारी बसून होतो. जीभ दाताखाली धरून, खरोखर धरून. एका ठिकाणी तिनं नाव चुकीचं घेतलं. मी गप्प. चार ओळींनंतर तिचं तिलाच कळलं आणि तिनं सुधारलं.

दिवसाला चार-चार तास. आठव्या दिवशी आवाज घोगरा झाला. मी हळदीचं दूध करून द्यायचो, सांडत-लवंडत. दहाव्या दिवशी ती नुसती कुजबुजत होती. बाराव्या दिवशी दोन धडे राहिले असताना तोंडातून फक्त हवा यायला लागली. तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ती रडतेय हे मला तिच्या श्वासावरून कळलं. तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळं नीट मागता आली नाही, पण मागितली.

निकाल लागला त्या दिवशी मुलीचाच फोन आला. पास झाली होती. मराठीत, इतिहासात चांगले गुण होते. भूगोलात काठावर सुटली. राहिलेल्या दोन धड्यांवर प्रश्न आले होते, ते तिला सोडून द्यावे लागले. "पण सुटले सर," म्हणाली. "पप्पा अकरावीचं बघू म्हणले. कॉम्प्युटर बिघडला नसता तर अजून आले असते, पण आता त्याला काय इलाज."

मला राहवलं नाही.

"कॉम्प्युटर बिघडल्यामुळं गेलं नव्हतं ते," मी म्हणालो. "काकू मला वाचून सांगत होती. मी थांबलो नाही. माझ्या हातानं पुसलं गेलं सगळं. तुझे गुण मी घालवले."

तिकडं रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मला समजलं होतं, सर."

"कसं? कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. इतिहासात तुम्ही काकूला सारखं थांबवता. एका धड्यात म्या मोजलं होतं, बावीस वेळा. भूगोलात एकदाबी नाय. तुम्ही शेजारीच बसलेले, तुमचा श्वास ऐकू येतो. पण एकदाबी बोलला नाहीत. तवाच वाटलं, सरांच्या हातनं कायतरी झालंय."

बायको मशीनवरून विचारत होती, कोण आहे, पास झाली का. मी चाचपडत तिच्यापर्यंत गेलो आणि फोन तिच्या हातात दिला.

"घे," म्हणालो. "तुझी विद्यार्थिनी आहे."